मूल परदेशी जातं, तेव्हा सही कोणाची?

मी पनवेलचा, आणि आजचा विषय आहे परदेशी दत्तक जाणारी मुलं.

दत्तक म्हटलं की आपल्याला झाशी आठवते. गादीला वारस हवा, म्हणून दत्तक. मुलाला घर हवं, म्हणून दत्तक, हा विचार आपल्याकडे उशिरा रुजला. कायदाही तसाच. 1956 चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी होता. मग परदेशी जोडपी काय करायची? 1890 च्या कायद्याखाली कोर्टातून मुलाचं पालकत्व मिळवायची, मूल घेऊन जायची आणि दत्तकविधान आपल्या देशात करायची. मधे असायच्या संस्था आणि दलाल. त्यांनी किती पैसे घेतले, आईची संमती खरी होती का, हे तपासायची देशभर एकसारखी व्यवस्थाच नव्हती.

1982 मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. 6 फेब्रुवारी 1984 ला न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला आणि नियमच घालून दिले. संस्थेला सरकारी मान्यता हवी. परदेशी पालकांनी त्यांच्या देशातल्या मान्य संस्थेमार्फतच यायचं. आधी भारतात घर शोधायचं. मुलाच्या देखभालीचा खर्च दिवसाला 60 रुपयांच्या वर लावायचा नाही. पुढे 1990 मध्ये केंद्र सरकारने ‘कारा’ स्थापन केली. 2003 मध्ये भारताने हेग करार मान्य केला.

मग सगळं सुरळीत झालं? नाही ना! पुण्यातल्या प्रीत मंदिर या मान्यताप्राप्त संस्थेवर परदेशी पालकांकडून जादा पैसे घेतल्याचे आरोप झाले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि 2010 मध्ये तपास सीबीआयकडे आला. मला यातून एवढंच कळतं, की मान्यतेचा कागद दिला म्हणजे देखरेख झाली असं होत नाही. हिशेब आणि फायली कोणीतरी उघडून बघाव्या लागतात.

आज परदेशी दत्तकासाठी काराचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय बदलायला 60 दिवस मिळतात. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणजे आपल्या रायगडातल्या संस्थेतलं मूल असेल, तर सही अलिबागला होते. काम लवकर व्हावं हा हेतू. पण पूर, निवडणुका, जमिनीचे वाद सांभाळणाऱ्या टेबलावर ही फाइल किती बारकाईने वाचली जाईल? हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण तेच मूल पंचविशीत परत येऊन विचारतं, ‘माझी आई कोण?’ तेव्हा उत्तर असलंच, तर त्या फाइलमध्येच असतं.

आणि हो, कोणी म्हणालं, ‘बाळ आहे, परस्पर देऊन टाकू’, तर 1098 ला फोन करा. भेटू पुढच्या भागात!