मालकीतून भाड्याकडे : भेस्तानमधील परवडणारी घरे

भेस्तान हे सुरतेचे दक्षिणेकडील उपनगर. मुंबई-सुरत लोहमार्गावर सचिन आणि उधना यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. जवळच पांडेसरा आणि सचिन या औद्योगिक वसाहती असल्याने यंत्रमाग आणि डाइंग मिलमधील कामगारांची मोठी वस्ती या पट्ट्यात वाढली. नंदुरबार, धुळे आणि जळगावकडून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आलेली खानदेशी कुटुंबे, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील यंत्रमाग कामगार, तसेच उत्तर प्रदेश आणि बिहारमधील मजूर येथे राहतात. अशा वस्तीत स्वस्त घरांपैकी किती मालकीची असावीत आणि किती भाड्याची, याचे उत्तर शंभर वर्षांत दोनदा बदलले.

जुन्या मुंबई इलाख्यात कामगारांसाठी सरकारने बांधलेली घरे भाड्याची होती. 1896च्या प्लेगनंतर 1898मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी उभारल्या. 1920च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या गेल्या. खोली साधारण 160 चौरस फुटांची, संडास सामायिक आणि भाडे दरमहा. गिरणीत काम करायला आलेल्या एकट्या पुरुषाला घर विकत घेण्याची कुवत नव्हती आणि निकडही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मालकीच्या घराकडे कल वाढत गेला. सुरतेत त्यासाठी लागणारी जमीन नगररचना योजनांतून मिळाली. या योजनांची पद्धत 1915च्या मुंबई नगररचना कायद्यापासून चालत आली आहे. योजनेतील सगळ्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक सोयींसाठी हिस्सा कापून घ्यायचा आणि उरलेली जमीन नव्याने आखलेल्या अंतिम भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. गुजरातने 1976मध्ये स्वतःचा नगररचना आणि नगरविकास कायदा केला. सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास लोकांच्या घरांसाठी योजनेतील सुमारे 10 टक्के जमीन राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. शंभर हेक्टरच्या योजनेत ही राखीव जमीन दहा हेक्टर भरते. मात्र तीवरील घरे मालकीची असावीत की भाड्याची, हे टक्केवारीवरून ठरत नाही. ते त्या त्या काळातील गृहयोजनेवर अवलंबून राहिले.

डिसेंबर 2005मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. त्यातील शहरी गरिबांसाठीच्या घटकाने भर दिला तो मालकीवर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास असे सुमारे 25 चौरस मीटरचे घर लाभार्थ्याच्या नावे करायचे होते. किमतीतील किमान 12 टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी 10 टक्के वाटा लाभार्थ्याने भरायचा होता. झोपडपट्टीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या, कागदपत्रे बाळगून असलेल्या कुटुंबाला हे जमण्यासारखे होते. हंगामापुरत्या आलेल्या मजुराला ते अवघड होते, कारण त्याच्याकडे रहिवासाचा पुरावा नसे आणि बचत महिन्याच्या महिन्याला गावी जाई.

असा मजूर सुरतेत ‘मेस’मध्ये राहतो. यंत्रमागाची पाळी बारा तासांची असते. दिवसपाळीचा कामगार बाहेर पडला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर आडवा होतो, आणि एका खोलीचे भाडे अनेकांत वाटले जाते. दुसरीकडे देशभरात अभियानातील हजारो घरे बांधून रिकामी पडली होती. काही कामाच्या ठिकाणांपासून दूर होती, तर काहींचे वाटप रखडले होते.

मार्च 2020च्या टाळेबंदीत मजूर गावाकडे परतू लागले आणि शहरांत भाड्याच्या घरांची किती वाण आहे, हे उघड झाले. 8 जुलै 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर केली. सरकारी पैशातून बांधलेली रिकामी घरे 25 वर्षांच्या कराराने खासगी किंवा सार्वजनिक संस्थेकडे सोपवायची, तिने ती दुरुस्त करून भाड्याने द्यायची, हा योजनेचा पहिला प्रकार होता. त्याखाली भेस्तानमधील 393 घरे भाड्याकडे वळवण्यात आली. घरे तीच राहिली, पण त्यात राहण्याचा हक्क विक्रीऐवजी भाड्याने मिळू लागला.

सुरुवातीचे भाडे स्थानिक पाहणीवरून ठरते. पुढे दर दोन वर्षांनी ते 8 टक्क्यांनी वाढवता येते. मात्र पाच वर्षांतील एकूण वाढ 20 टक्क्यांवर जाता कामा नये. उदाहरणादाखल, 2,000 रुपयांचे भाडे दोन वर्षांनी 2,160 आणि चार वर्षांनी सुमारे 2,333 रुपये होते. घरमालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या खोलीपेक्षा हा हिशेब भाडेकरूला आधी कळतो. पण मालकी हक्क त्याला कधीच मिळत नाही.

मुंबईत याच सुमारास उलटी चाल दिसते. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या खोलीऐवजी पात्र रहिवाशाला 500 चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. तेथील कुटुंबे तीन-चार पिढ्या तिथेच रुजलेली आहेत. भेस्तानचा मजूर वर्षातून काही महिने गावी असतो. एकाला मालकी लागते, दुसऱ्याला आजची खोली.

देशात सरकारी पैशातून बांधलेली 83 हजारांहून अधिक घरे रिकामी असल्याची नोंद झाली होती. त्यांपैकी साडेपाच हजारांच्या आसपासच घरे भाड्याकडे वळली. सप्टेंबर 2024पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक झाला. भेस्तानमधील 393 घरे करार संपल्यावर स्थानिक संस्थेकडे परत येतील आणि ती पुन्हा कराराने सोपवायची की स्वतः चालवायची, याचा निर्णय तिलाच घ्यावा लागेल.