भूसंपादन आणि कायद्याची मदत : १८२४ ते २०१३

रस्ते, कालवे आणि लोहमार्गांसाठी खासगी जमिनी घेण्याची गरज वाढली, तसा इंग्रजी अमलात भूसंपादनाचा कायदा घडत गेला. सुरुवात बंगालच्या १८२४ च्या विनियमाने झाली. मुंबईतील रस्ते रुंद करण्यासाठी १८३९ मध्ये वेगळा कायदा आला आणि १८५७ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कायदा झाला. त्यात भरपाईचा वाद लवादाकडे जाई. १८७० च्या कायद्याने तो न्यायालयाकडे सोपवला. रकमेवर एकमत झाले नाही, तर जिल्हाधिकाऱ्यानेच प्रकरण पुढे पाठवायचे होते.

१८९४ च्या कायद्याने ही जबाबदारी जमीनमालकावर टाकली. जिल्हाधिकाऱ्याने मोबदला ठरवून दिलेला निवाडा मान्य नसेल, तर कलम १८ खाली लेखी अर्ज त्यानेच करायचा. निवाड्याच्या वेळी तो हजर असेल तर मुदत सहा आठवडे. एरवी नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. शिवाय मोबदला घेताना हरकत नोंदवली नाही, तर अर्जाचा हक्कच जाई. पावतीवर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ एवढे लिहायला सांगणारा कोणी वेळेवर भेटला की नाही, यावर अनेक कुटुंबांचा वाढीव मोबदला अवलंबून राहिला.

संपादनालाच विरोध करण्याची वाट मात्र या कायद्यात सुरुवातीला नव्हती. टाटांच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातील जमिनी घेतल्या जात असताना १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. तरीही धरण झाले. हरकत ऐकून घेण्याची तरतूद असलेले कलम ५-अ १९२३ च्या दुरुस्तीने आले.

मोबदल्याचा दावा पुराव्यावर उभा राहतो. सातबारा, फेरफार, शेजारच्या जमिनींची खरेदीखते, विहीर आणि फळझाडांचे मूल्यांकन हे सारे वकिलाला जमवावे लागते. पुण्याच्या भूसंपादन अधिकाऱ्याविरुद्धच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मूल्यांकनाची सूत्रे घालून दिली. निवाडा हा सरकारने देऊ केलेला भाव समजावा आणि तो अपुरा असल्याचे मालकाने वादीप्रमाणे सिद्ध करावे, असे त्यात स्पष्ट केले. म्हणजे अन्याय झाला असे नुसते सांगून भागत नाही. रस्त्यालगतचा तुकडा आणि आतला तुकडा यांच्या भावातला फरकही मांडावा लागतो.

वकिलाची गरज दुसऱ्या बाजूलाही असते. सरकारची बाजू सरकारी वकील मांडतो. पण पैसा बहुधा नगरपालिका किंवा विकास प्राधिकरणाला मोजावा लागतो. अशा संस्थेला नोटीस मिळण्याचा, हजर राहण्याचा आणि पुरावा देण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९४ मध्ये ग्यानदेवी खटल्यात दिला. दोन्ही बाजूंचा पुरावा समोर आला तरच ठरलेला भाव न्याय्य म्हणता येतो.

मदतीअभावी मागे पडलेल्यांचा विचार १९८४ च्या दुरुस्तीत झाला. बाजारभावावर जादा मिळणारी दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली. कलम २८-अ मुळे, एका शेतकऱ्याला न्यायालयाने वाढीव भाव दिला की त्याच अधिसूचनेतील ज्यांनी कलम १८ खाली अर्ज केला नव्हता, त्यांनाही तीन महिन्यांत फेरनिर्धारण मागता येऊ लागले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ मध्ये अमलात आल्यावर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील पक्षकारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क मिळाला.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या कायद्याने दिलासा रक्कम १०० टक्के केली, पुनर्वसन बंधनकारक केले आणि मोबदल्याचे वाद दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिले. हरकत राखून रक्कम घेण्याची आणि मुदतीत अर्ज करण्याची अट मात्र त्यातही कायम आहे. त्यामुळे वेळेवर मिळालेला कायदेशीर सल्ला आजही वाढीव मोबदल्याची पहिली पायरी ठरतो.