रक्तस्राव आणि हिस्टामिन

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांपुढे एक कोडे उभे राहिले. जखमी सैनिक शुद्धीवर असताना आणला जाई. परंतु काही तासांतच त्याचा चेहरा पांढराफटक पडे, नाडी जलद व क्षीण होई, रक्तदाब उतरत जाई आणि तो दगावे. पुष्कळदा बाहेर वाहिलेले रक्त एवढ्या अनर्थास पुरेसे वाटत नसे. मग उरलेले रक्त गेले कोठे?

१९१७ मध्ये इंग्लंडमध्ये या प्रश्नासाठी जी समिती नेमली गेली, तीत हेन्री डेल होते आणि अमेरिकेचे वॉल्टर कॅननही होते. हिस्टामिन टोचल्यास प्राण्याचा रक्तदाब घसरतो, हे डेल व लेडलॉ यांनी १९१० मध्येच दाखविले होते. मोठ्या मात्रेने केशवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून रक्तद्रव झिरपतो आणि अंगातले रक्त जणू अंगातच हरवते, असे त्यांनी १९१९ मध्ये सांगितले. चिरडलेल्या मांसातून असेच काही विष सुटत असावे, हा तर्क अनेकांना पटला.

१९३० मध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी तो तर्क हादरविला. कुत्र्यांच्या दुखावलेल्या अवयवांत साचलेले रक्त व द्रव त्यांनी मोजले. रक्तदाब उतरण्यास तेवढी तूट पुरेशी होती. विषाची गरजच उरली नाही. तूट भरून काढणे हाच उपाय ठरला, आणि दुसऱ्या महायुद्धात रक्त व रक्तद्रव यांच्या पुरवठ्याने असंख्य प्राण वाचविले.

तरीही हिस्टामिनची कथा संपली नाही. पेशींवर त्याचा संदेश घेणाऱ्या जागा, म्हणजे ग्राही, एकाहून अधिक प्रकारचे निघाले. १९६६ मध्ये एच-१ हे नाव रूढ झाले; १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एच-२ ची ओळख पटविली. रक्तवाहिन्या सैलावण्यात दोहोंचाही हात असतो.

मेंदूत मात्र हेच द्रव्य वेगळे वागते. रक्त कमी होताच मानेतील धमन्यांवरचा ताण घटतो. मेंदू ती खूण ओळखून हृदयाला वेग देतो व वाहिन्या आवळतो. रक्तस्राव फार झाला की ही प्रतिक्षिप्त क्रिया खचते. अशा अवस्थेतील उंदरांच्या मेंदूच्या पोकळीत हिस्टामिन सोडले असता उतरलेला रक्तदाब पुन्हा चढला. एच-१ ग्राही आधी रोखल्यास तो परिणाम मंदावला.

वाहिन्यांत जे दाब पाडते, तेच मेंदूत त्याला सावरून धरते. द्रव्य कोणते याइतकेच ते कोठे पोहोचते यालाही महत्त्व आहे. मात्र हे प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. रक्त गमावणाऱ्या माणसाला आजही आधी हवा असतो तो थांबलेला रक्तस्राव, आणि मग वेळेवर मिळालेले रक्त.