सुमेरची संस्कृती घडवली कुणी?

'नद्यांनी संस्कृतीला जन्म दिला' हे वाक्य आपण शाळेपासून घोकत आलो. मग माणसे काय करत होती?

दक्षिण इराकमध्ये नुसत्या पावसावर शेती होत नाही. युफ्रेटिस-तैग्रिसला पूर येतो तो वसंतात, जव कापणीला आल्यावर; पेरणीच्या वेळी पाणी उतरलेले असते. म्हणजे नदीने आयते काहीच दिले नाही. बांध घालावे लागले, कालवे खणावे लागले, साचलेला गाळ पुन्हा पुन्हा उपसावा लागला.

उरुक शहरात इ.स.पू. ३२०० च्या सुमारास लेखन सुरू झाले. त्या मातीच्या पाट्यांवर स्तोत्रे नाहीत. बहुतेक हिशेबच आहेत: जव, मेंढ्या, माणसे. शिध्याचे चिन्ह म्हणजे माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी वाडगा. तसलेच ओबडधोबड वाडगे उत्खननात हजारोंनी निघाले. राबणाऱ्याचे पोट आधी मोजले गेले, राजाची स्तुती नंतर लिहिली गेली.

पुढे अत्राहासिसच्या अक्कडी काव्यात कथा आली की कालवे खणून देव थकले, म्हणून त्यांनी मातीपासून माणूस घडवला. वेठबिगारीला देवाची मोहर! ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. पण त्याच कथेत कनिष्ठ देव आधी आपली अवजारे जाळतात आणि वरिष्ठाच्या दाराला वेढा घालतात, हे पुरोहितांना लपवता आले नाही.

लगाशच्या लेखांत इ.स.पू. २४०० च्या आसपास 'अमार्गी' हा शब्द येतो. अर्थ मुक्ती, शब्दशः, आईकडे परतणे.