फास्टबॉल : वेगाचा उच्चांक आणि कोपराची किंमत

क्रिकेटमधील द्रुतगती गोलंदाज लांबून धावत येतो आणि त्या धावेची गती चेंडूला देतो. बेसबॉलमधील चेंडूफेक्याला, म्हणजेच 'पिचर'ला, ही मुभा नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर एक पाय रोवून त्याला चेंडू फेकावा लागतो. मात्र कोपर वाकवून फेकण्याची त्याला पूर्ण मोकळीक असते. शोएब अख्तरने २००३च्या विश्वचषकात ताशी १६१.३ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू क्रिकेटमध्ये अजूनही आठवला जातो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तेवढा वेग, म्हणजे ताशी १०० मैल, आता नवलाचा राहिलेला नाही.

पिचरच्या उभे राहण्याच्या जागेपासून फलंदाजासमोरील पाटीपर्यंतचे, म्हणजे होमप्लेटपर्यंतचे अंतर १८९३पासून ६० फूट ६ इंच आहे. पिचर पाऊल पुढे टाकत असल्याने चेंडू प्रत्यक्षात सुमारे ५५ फुटांवरून सुटतो आणि ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. पाय, कंबर, धड, खांदा आणि कोपर अशा क्रमाने आलेली शक्ती अखेर बोटांतून चेंडूत उतरते. बोटांमुळे मिळणाऱ्या उलट्या फिरकीमुळे चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि फलंदाजाला तो उसळल्याचा भास होतो.

हा वेग मोजण्याचा इतिहासही रंजक आहे. बॉब फेलर याचा चेंडू १९४६ साली लष्करी उपकरणाने मोजला, तेव्हा ताशी ९८.६ मैल वेग नोंदला गेला. नोलन रायन याने ऑगस्ट १९७४मध्ये १००.९ मैलांचा टप्पा गाठला. हे दोन्ही वेग होमप्लेटजवळ मोजलेले होते. हवेच्या विरोधामुळे तेथपर्यंत चेंडूचा वेग आठ ते दहा टक्क्यांनी घटतो. आजची मोजणी मात्र चेंडू हातातून सुटताक्षणी होते. त्यामुळे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवणे योग्य नाही. अरॉल्डिस चॅपमन याच्या २०१०मधील चेंडूचा वेग त्या वेळी १०५.१ मैल जाहीर झाला होता. पुढे मोजणीचा बिंदू बदलल्यावर तोच चेंडू १०५.८ मैलांचा ठरला. क्रिकेटरसिकांच्या परिचयाची 'हॉक-आय' यंत्रणा मेजर लीगमध्ये २०२०पासून हे काम करते.

रायनने तो टप्पा गाठल्यानंतर काही आठवड्यांतच या वेगाची दुसरी बाजू समोर आली. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरातील फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी उजव्या हातातील कंडरा बसवली. जॉन १९७६मध्ये मैदानात परतला आणि १९८९पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. तीतून सावरण्यास वर्ष-दीड वर्ष लागते.

वाढत्या वेगाने ती सर्रास केली आहे. मेजर लीगमधील फास्टबॉलचा सरासरी वेग २००८मध्ये ताशी सुमारे ९१ मैल होता. २०२४मध्ये तो ९४च्या घरात गेला. वैज्ञानिक प्रशिक्षणाने स्नायू बळकट करता येतात, पण कोपराच्या आतील बाजूचा लहानसा अस्थिबंध त्या प्रमाणात बळकट होत नाही. मेजर लीगने डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेग, फिरकी आणि प्रत्येक चेंडूमागे सर्वस्व पणाला लावण्याची वृत्ती ही दुखापतींची संभाव्य कारणे सांगितली आहेत. रायनने १९७४च्या हंगामात ३३२ डाव टाकले होते. आता २०० डाव पूर्ण करणारेही मोजकेच आढळतात.

वेगाविना यश मिळत नाही, असे मात्र नाही. ग्रेग मॅडक्स याचा वेग बेताचाच होता. तरीही अचूकता आणि गतीतील फसव्या बदलांच्या जोरावर त्याने ३५५ सामने जिंकले. पण निवड करणाऱ्यांच्या यंत्रावर अचूकतेपेक्षा वेगाचा आकडा लवकर उमटतो. शाळकरी मुलेही त्याच आकड्यामागे धावतात. कोपरांचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.