प्रयोगशाळेत रुसणारी तूर

जळगावच्या केळीबागांमुळे टिश्यू कल्चर, अर्थात ऊतिसंवर्धन, हा शब्द महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा झाला. केळीच्या कंदातील वाढबिंदूपासून बाटलीत हजारो एकसारखी रोपे तयार होतात. तूर, हरभरा, भुईमूग ही शेंगावर्गीय पिके मात्र या तंत्राला सहजासहजी दाद देत नाहीत.

तत्त्व जुनेच आहे. एका पेशीतून संपूर्ण वनस्पती घडू शकते, ही कल्पना हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. ऑक्झिन आणि सायटोकायनिन या संप्रेरकांच्या परस्पर प्रमाणावर मुळे फुटणार की कोंब, हे ठरते, असे स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूवर दाखवून दिले. तंबाखू आज्ञाधारक ठरला. तुरीत पेशींचा नुसता गोळा वाढतो. कोंब क्वचितच येतो. हरभऱ्यात कोंब आला तरी तो मुळे धरीत नाही, म्हणून पुष्कळदा तो दुसऱ्या रोपाच्या खुंटावर कलम करावा लागतो. शिवाय एका वाणाला मानवलेले माध्यम दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

त्यातल्या त्यात यश मिळते ते बीजपत्रांच्या सांध्याकडून. (आपण शिजवतो ती डाळ म्हणजे ही बीजपत्रेच.) कोवळ्या रोपाचा हा भाग सायटोकायनिनयुक्त माध्यमावर ठेवला, की कोंबांचा झुबका येतो. अडचण अशी, की हे कोंब एका पेशीतून न येता अनेक पेशींच्या समूहातून येतात. त्यामुळे बाहेरचे जनुक घातल्यास ते रोपाच्या काही भागांतच उतरण्याची शक्यता असते.

हा खटाटोप मुख्यतः शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आहे. लागवडीखालील तुरीत या अळीला पुरेशी प्रतिकारशक्ती सापडत नाही. ती रानटी भाईबंदांत आहे. पण दूरच्या जातींशी संकर केला, तर गर्भ अनेकदा शेंगेतच मरतो. तो वेळीच काढून माध्यमावर जगवण्याचे काम हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत झाले आहे. केवळ रोपे वाढवण्यापेक्षा ऊतिसंवर्धनाचा हा उपयोग कडधान्यांसाठी अधिक मोलाचा वाटतो.

चवळीने मात्र पुढची मजल गाठली. शेंगा पोखरणाऱ्या मारुका अळीला तोंड देणाऱ्या बीटी चवळीला नायजेरियाने २०१९ मध्ये मान्यता दिली. भारतात अद्याप जनुकबदल केलेल्या एकाही कडधान्याला लागवडीची परवानगी नाही.