एकवीरेच्या पायऱ्या आणि वलुरकचे दानलेख

चैत्र आला की लोणावळ्याजवळच्या कार्ला डोंगरावर पाय ठेवायला जागा उरत नाही. मुंबई, ठाणे, वसई, रायगडचे कोळी-आगरी बांधव पालख्या घेऊन, वाजतगाजत एकवीरा आईच्या पायऱ्या चढतात. आणि नेमक्या याच सुमारास आपल्या तरुणांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरू लागतो : एकवीरा म्हणजे बुद्धमाता महामाया, देऊळ हटवा, लेणी वाचवा! हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी तिथला एक तरी शिलालेख वाचला आहे?

या जागेचं शिलालेखातलं नाव वलुरक. पायथ्याच्या गावाला आजही वेहेरगाव म्हणतात. त्यात 'विहार' ऐकू येतो. वरचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वात मोठं. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही टिकून आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह असल्याचं दारातच कोरून ठेवलं. पण मला त्या शेठजीपेक्षा बाकीची नावं मोलाची वाटतात. धेनुकाकटचा सुतार सामी, तिथलाच अत्तरविक्या सिंहदत्त, स्वतःला यवन म्हणवणारे कितीतरी दाते, महादेवणक गृहस्थाची आई भायिला. सुतार, गंधी, परदेशी, बाई! पुढे ज्यांना शूद्र नि म्लेंच्छ म्हणून हिणवलं, त्यांची नावं इथे दगडात आहेत. मनुस्मृतीला दिलेलं याहून ठोस उत्तर आणखी कोणतं हवं?

आता देवळाकडे येऊ. चैत्यासमोर डाव्या बाजूला सिंहस्तंभ उभा आहे. उजवीकडे त्याची जोडी असावी असा अभ्यासकांचा कयास आहे, आणि देऊळ आज त्याच बाजूला आहे. म्हणजे लेण्याच्या तोंडाशी देऊळ आलं, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. त्यासाठी महामायेचा दाखला लागत नाही, आणि तसा दाखला शिलालेखांत नाही. उलट दामोदर कोसंबींनी या घाटवाटा पायी तुडवून असं मांडलं की व्यापारी मार्गांच्या तिठ्यांवर आदिम मातृदेवतांची ठाणी आधीपासून होती आणि भिक्खूंनी त्यांच्या शेजारीच लेणी कोरली. हे खरं असेल तर ती आई मुळात ब्राह्मणांचीही नव्हे. तिला रेणुकेच्या, परशुरामाच्या कथेत गुंफणं हे नंतरचं काम. आपला खरा वाद त्या गुंफण्याशी आहे.

इथून फार लांब नाही, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पंढरपूरचा विठ्ठल म्हणजे बुद्धच, असं ते तिथेच म्हणाले, आणि त्यावर आपण लिहिणार असल्याचंही सांगितलं. लिहिणार, म्हणजे पुरावे मांडणार! आपण मात्र त्यांच्या विधानाचा पहिला अर्धा भाग उचलतो आणि दुसरा सोडतो.

राहिला प्रश्न भाविकांचा. नवस, कोंबडं-बकरं, अंगात येणं यावर टीका करायलाच हवी, त्यात भीड नको. पण पायऱ्या चढणारा हा माणूस ओबीसी आहे. त्याचा समुद्र प्रकल्पांनी आणि बंदरांनी खाल्ला आहे. त्याला अतिक्रमण करणारा ठरवून आपण नेमकं कुणाचं काम सोपं करतो?

गेल्या वर्षी अभ्यासवर्गातली पोरं घेऊन गेलो होतो. चैत्यगृहात एक वसईकडच्या आजी दम खात बसल्या होत्या. "हे पांडवांनी एका रात्रीत केलं," त्या नातीला सांगत होत्या. आमच्यातला एक जण फिसकन हसला. मी त्याला बाहेर पाठवलं. मग त्यांना म्हटलं, आजी, या खांबावर लिहिलंय की सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भन्तेंनी हा दान केला.

"सोपारा? नालासोपारा?"

"तेच."

"अगं बया, आमच्याच बाजूचा की!" आजी उठल्या, त्या अक्षरांपर्यंत हात नेला आणि नातीला हाक मारली. मग मला म्हणाल्या, "अजून कुणाचं लिहिलंय, वाच ना." पुढची गाडी चुकली आमची.